खटला एक, खिसे पाच

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: न्यायालयं, तुरुंग आणि एकूणच फौजदारी न्यायव्यवस्थेसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात पैसे कोण ठरवतं आणि कसे? उच्च न्यायालयाने मागितलं की सरकारला द्यावंच लागतं का? आणि दरवर्षी तरतूद वाढल्याच्या बातम्या येतात, तरी खटले का रखडतात?

माझी बहुतेक नोकरी मंत्रालयात अर्थसंकल्पाच्या नस्त्यांमध्ये, म्हणजे फायलींमध्ये गेली. आधी वित्त विभागात, नंतर गृह विभागाच्या बाजूने. म्हणजे पैसे कापणारा आणि पैसे मागणारा, दोन्ही खुर्च्यांवर बसून झालंय. जे सांगतो ते महाराष्ट्रापुरतं. चौकट राज्यघटनेची असल्यामुळे बाकीच्या राज्यांतही चित्र फार वेगळं नाही.

मुळात 'फौजदारी न्याय' नावाची मागणीच अर्थसंकल्पात नाही. विधानसभेपुढे खर्चाला मंजुरी मागणाऱ्या विभागवार मागण्या जातात आणि प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर असतं. बी म्हणजे गृह, जे म्हणजे विधी व न्याय, एच म्हणजे सार्वजनिक बांधकाम. मागणीच्या पोटात चार आकडी प्रधान शीर्षं, म्हणजे खर्चाची मुख्य खाती असतात आणि ती देशभर सारखीच: २०१४ न्यायदान, २०५५ पोलीस, २०५६ तुरुंग. इमारती बांधायच्या तर ४०५५ आणि ४०५९ अशी भांडवली शीर्षं. निवृत्त झालेल्यांची पेन्शन २०७१ खाली, म्हणजे २०१४ ची बेरीज करून 'न्यायालयांवर एवढा खर्च' म्हणणाऱ्यांच्या हिशेबातून ती आपोआप सुटते. प्रधान शीर्षाखाली गौण शीर्ष येतं. २०१४ मध्ये १०२ म्हणजे उच्च न्यायालय, १०५ म्हणजे दिवाणी व सत्र न्यायालयं, ११४ म्हणजे सरकारी वकील आणि विधी सल्लागार. सगळ्यात तळाला उद्दिष्ट शीर्ष: ०१ वेतन, ११ प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, २८ व्यावसायिक सेवा, ५३ मोठी बांधकामं. कचेरीत कोणी 'तेराला पैसे नाहीत' म्हणालं, तर ऐकणाऱ्याला कागद, टोनर आणि झेरॉक्सचं बिल अडकलंय हे कळतं.

आता एक गुन्हा घ्या. कल्याणला रात्री एका माणसाला मारहाण करून त्याचा ऐवज लुटला. लुटणारे चार असतील तर ती जबरी चोरी, पाच असतील तर दरोडा. चौघांचा खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालू शकतो आणि तिथे सरकारतर्फे सहायक सरकारी अभियोक्ता उभा राहतो. तो अभियोग संचालनालयाचा, म्हणजे गृह विभागाचा. पाचवा माणूस सापडला की खटला सत्र न्यायालयात जातो. तिथे उभे राहतात जिल्हा सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी अभियोक्ता. त्यांची फी विधी व न्याय विभागाकडून निघते. एका आरोपीच्या फरकाने सरकारी वकिलाच्या पगाराचा विभाग बदलतो.

हाच गुन्हा पुढे न्या. तपास पोलिसांचा, २०५५. आरोपीच्या कपड्यावरचं रक्त प्रयोगशाळेत गेलं, तर त्या सीए रिपोर्टचा, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाचा खर्चही गृह विभागाच्याच पोटात, पण न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या वेगळ्या गौण शीर्षाखाली. आरोपी आधारवाडीच्या तुरुंगात, म्हणजे २०५६. त्याला तारखेला कोर्टात आणायला जी कैदी पार्टी लागते ती तुरुंगाची नसते, पोलीस मुख्यालयाची असते, पुन्हा २०५५. न्यायाधीश, शिरस्तेदार, स्टेनो, बेलीफ हे सगळे २०१४. आरोपीला वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण, तेही २०१४ मधून, पण सहायक अनुदान म्हणून. तुरुंगात डॉक्टर बहुतेकदा सार्वजनिक आरोग्य विभागातून येतो. कोर्टाची गळकी इमारत दुरुस्त करणार सार्वजनिक बांधकाम. आणि पीडित व्यक्ती बलात्काराची किंवा ॲसिड हल्ल्याची बळी असेल तर मनोधैर्य योजनेचे पैसे महिला व बालविकास विभागाचे, आणि मंजुरी देणार जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.

म्हणजे खटला एक आणि खिसे पाच. या पाच खिशांची बेरीज कुठल्याच कागदावर नसते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे, पण आधी पहिले दोन.

पैसे ठरतात खालून वर. प्रत्येक कार्यालयात एक आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे बिलं काढून पैसे वाटणारा अधिकारी असतो. जिल्हा न्यायालयात, तुरुंगात, पोलीस अधीक्षक कार्यालयात. तो पावसाळ्याच्या शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज करून नियंत्रक अधिकाऱ्याकडे पाठवतो. तुरुंगांचे अंदाज पुण्याला कारागृह मुख्यालयात गोळा होतात आणि तिथून गृह विभागात येतात. जिल्हा न्यायालयांचे अंदाज उच्च न्यायालयाच्या प्रबंधक कार्यालयातून विधी व न्याय विभागाकडे येतात. विभाग वित्त विभागाला पाठवतो आणि मग खरी बैठक होते. बाहेरच्यांना वाटतं तिथे गरजांवर चर्चा होत असेल. प्रत्यक्षात टेबलावर चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची मागणी. वेतनाची रक्कम सेवार्थ या वेतनप्रणालीमध्ये किती जणांचा पगार निघतो त्यावरून जवळजवळ ठरूनच येते. तिला महागाई भत्त्याची टक्केवारी लावली की संपलं. बाकीच्या उद्दिष्टांवर 'गेल्या वर्षी किती खर्चलं?' एवढा एकच प्रश्न. ज्या कार्यालयाला पैसे उशिरा मिळाले म्हणून खर्च झाला नाही, त्याची पुढची तरतूद 'खर्च करता येत नाही' या कारणाने कमी होते. हा अन्याय मी होताना पाहिलाय आणि वित्त विभागात असताना तो केलाही आहे, कारण वर्षाचं गणित मिटवायचं असतं.

'तरतूद' आणि 'हातात पैसे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगतो. मार्चमध्ये विधिमंडळाने मागणी मंजूर केली, निधीतून पैसे काढायला मान्यता देणारं विनियोजन विधेयक झालं, म्हणून १ एप्रिलला पूर्ण रक्कम मिळते असं नाही. वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर सोडतो. वेतन सुरळीत येतं, कार्यालयीन खर्च हात राखून. त्यातून नियंत्रक अधिकारी खालच्या कार्यालयांना वाटप करतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून नव्या खरेदीच्या प्रस्तावांवर सहसा बंदी येते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अचानक रक्कम उतरते. मग ३१ तारखेच्या रात्रीपर्यंत कोषागारात बिलं. जे खर्च होत नाही ते समर्पित, म्हणजे परत करायचं. तुरुंगाला मे महिन्यात पंखे हवे असतात आणि पैसे मार्चमध्ये येतात, याला कोणी दुष्ट माणूस जबाबदार नसतो.

जिल्हा न्यायालयात पैशांचा व्यवहार सांभाळणाऱ्या नाझर शाखेत एकदा दुपारी जाऊन बसा. साक्षीदार साक्ष देऊन खाली येतो, हातात भत्त्याचा कागद. जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्या तरी गावाहून दोन एसटी बदलून आलेला, दिवसाची मजुरी बुडवून. नाझर नोंदवही उघडतो, सही घेतो, पैसे देतो. ग्रँट संपली असेल तर म्हणतो, 'अर्ज ठेवून जा, ग्रँट आली की कळवू.' साक्षीदार तो कागद घडी करून खिशात ठेवतो आणि पुढच्या वेळी समन्स घेऊन पोलीस शिपाई दारात आला की घरी नाही म्हणून सांगायला लावतो. साक्षीदार भत्ता ही २०१४ मधली इतकी बारीक रक्कम आहे की अर्थसंकल्पाच्या भाषणात ती कधी येणार नाही. पण ती वेळेवर मिळाली नाही तर न्यायाधीश, वकील, कैदी पार्टी, स्टेनो या सगळ्यांचा त्या दिवसाचा पगार वाया जातो. खर्च तिथे वाचला असं दिसतं, बुडतो मात्र दुसरीकडे आणि कितीतरी पटीने.

आता उच्च न्यायालयाचा प्रश्न. इथे लोकांचा नेहमी घोळ होतो. अनुच्छेद २०२ नुसार उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार व भत्ते राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर भारित असतात. अनुच्छेद २२९ नुसार उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार वगैरे, हाही भारित. भारित म्हणजे त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. आमदार ती रक्कम कापू शकत नाहीत. गंमत म्हणजे न्यायाधीश पगार राज्याच्या निधीतून घेतात आणि निवृत्त झाल्यावर पेन्शन मात्र भारताच्या एकत्रित निधीतून. जिल्हा आणि तालुका न्यायालयांना हे संरक्षण नाही. त्यांचा खर्च दत्तमत, म्हणजे मतदानाने मंजूर होणारा, इतर कुठल्याही विभागासारखा. सामान्य माणसाचा ज्या न्यायालयांशी संबंध येतो ती नेमकी हीच.

पण भारित म्हणजे कोरा धनादेश नाही. मुख्य न्यायमूर्ती कर्मचाऱ्यांसाठी नियम करू शकतात, पण पगार, भत्ते, रजा, पेन्शन यांचा प्रश्न असेल तर राज्यपालांची, म्हणजे व्यवहारात सरकारची मान्यता लागते. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात यावरून टोकाला गेलं. निवृत्त न्यायाधीशांना घरकामाला माणसं आणि इतर सोयी देण्याचे नियम सरकारने अधिसूचित करावेत असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने दिला. सरकारने हरकती घेतल्या, तर अवमानाच्या कारवाईत वित्त सचिवांनाच ताब्यात घेतलं. ३ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि सरकारी अधिकाऱ्यांना न्यायालयात कधी बोलवावं, कधी नाही, याची कार्यपद्धतीच घालून दिली. महाराष्ट्रात इतकी वेळ आल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे विधी व न्याय विभागाचे प्रधान सचिव, ज्यांना विधी परामर्शी म्हणतात, ते बऱ्याचदा न्यायिक सेवेतूनच आलेले असतात. त्यामुळे दोन्हीकडची भाषा कळणारा माणूस मध्ये असतो. याचा उपयोग बाहेरून दिसतो त्यापेक्षा जास्त आहे.

जिल्हा न्यायाधीशांच्या पगाराचा विषय तर अर्थसंकल्पाच्या हाताबाहेरच गेलेला आहे. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या याचिकांमधून आधी न्यायाधीशांच्या वेतनाचा शेट्टी आयोग आला, मग दुसरा राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग. दुसऱ्याची वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू करून थकबाकी हप्त्यांनी द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. भत्त्यांचं लांबलं तेव्हा २०२४ मध्ये अनेक राज्यांच्या मुख्य सचिवांना सर्वोच्च न्यायालयात बोलावणं आलं. शेट्टी आयोगाने सुचवलं होतं की दुय्यम न्यायालयांचा निम्मा खर्च केंद्राने उचलावा. २००२ च्या निकालात ती शिफारस मान्य झाली नाही. त्याच निकालात दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हे उद्दिष्ट पाच वर्षांत गाठायला सांगितलं होतं. ते आजही लांब आहे.

हे सगळं राज्यावर आणि कायदे मात्र बरेचसे केंद्राचे. धनादेश न वटण्याचं कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. आज कुठल्याही मोठ्या शहरातल्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाचा बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी पाहा, या एका कलमाने किती जागा व्यापलीय ते दिसेल. त्यासाठी लागलेले न्यायाधीश, स्टेनो, खोल्या राज्याच्या पैशाने. कायदा करतानाच त्यामुळे किती खटले येतील, किती न्यायालयं लागतील याचा खर्च मांडावा, अशी शिफारस न्यायमूर्ती जगन्नाथ राव समितीने २००८ मध्ये केली होती. ती कागदावरच राहिली. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक केलंय. चांगली गोष्ट आहे. पण फिरती व्हॅन दिली की घटनास्थळावरून नमुने जास्त येणार आणि ते तपासणारे हात प्रयोगशाळेत तेवढेच असले तर सीए रिपोर्टची वाट आणखी लांबणार. व्हॅन ही एकरकमी खरेदी, तिचं लोकार्पण होतं, फोटो येतो. रासायनिक विश्लेषकाचं पद म्हणजे तीस वर्षांचा पगार आणि पुढे पेन्शन. त्यामुळे त्या नस्तीवर वित्त विभाग दहा प्रश्न विचारतो.

केंद्राचा पैसा येतो, पण अटी आणि मुदतीसह. न्यायालयीन इमारतींची केंद्र पुरस्कृत योजना १९९३-९४ पासून आहे, सध्या वाटा ६०:४०. बलात्कार आणि पॉक्सोच्या खटल्यांसाठी जलदगती विशेष न्यायालयं २०१९ पासून, केंद्राचा वाटा निर्भया निधीतून. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा, म्हणजे ई-कोर्ट्सचा तिसरा टप्पा ७,२१० कोटींचा. केंद्र आणि राज्यांतलं पैशाचं वाटप सुचवणाऱ्या अकराव्या वित्त आयोगाने जलदगती न्यायालयांना ५०२.९० कोटी दिले, ती न्यायालयं लोकांना आवडली, चालली आणि ३१ मार्च २०११ ला केंद्राने हात काढून घेतला. पुढचा बोजा राज्यांचा. तेराव्या आयोगाने न्यायव्यवस्थेसाठी ५,००० कोटी ठेवले, त्यातले बरेच वापरलेच गेले नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या न्यायालयांसाठी पैसे होते, पण वकील आणि कर्मचारी त्या वेळेला तयार नव्हते. चौदाव्या आयोगाने राज्यांचा करातला वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आणि सांगितलं, यातूनच न्यायालयांना द्या. वाढीव वाटा आल्यावर तो कुठे गेला हे सांगायला नको. ज्याच्यावर निवडणूक जिंकता येते तिकडे गेला.

प्रमाण कळावं म्हणून इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ या न्यायव्यवस्थेवरच्या अहवालातले देशपातळीवरचे आकडे देतो. माणशी वर्षाला पोलिसांवर खर्च १,२७५ रुपये, न्यायपालिकेवर १८२, तुरुंगांवर ५७ आणि विधी सहाय्यावर ६ रुपये. एकाही राज्याचा न्यायपालिकेवरचा खर्च एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्या वर नाही, असंही त्यात म्हटलंय. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता, त्यावरून एक टक्का म्हणजे किती याचा अंदाज करा. मी स्वतः या टक्केवारीच्या वादात फार पडत नाही. टक्का वाढवून तो सगळा वेतनात आणि संगमरवरी पायऱ्यांत गेला तर नाझरपुढच्या साक्षीदाराला काय मिळालं?

तुरुंगांचं गणित मात्र सगळ्यात विचित्र आहे. २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या तुरुंगांत साधारण ४१ हजार बंदी होते, जागा २५ हजारांच्या आसपास. पाचांतले चार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. कुणीही म्हणेल, जामीन झालेल्या पण जातमुचलक्याचे पैसे नसलेल्या माणसांना सोडा, सरकारचा खर्च वाचेल. माणुसकीच्या नजरेने शंभर टक्के बरोबर. पण वित्त विभागाचा कक्ष अधिकारी म्हणतो, वाचणार काय? २०५६ मधला मोठा वाटा कर्मचाऱ्यांचं वेतन. शंभर कैदी सुटले तरी एकही शिपाई कमी होत नाही, भिंत तेवढीच, वीजबिल जवळपास तेवढंच. वाचतो फक्त शिधा, साबण, औषध. हजारो सुटून एखादी बराक किंवा अख्खा नवा तुरुंग बांधायचा टळला, तरच रक्कम डोळ्यांत भरते. टळलेल्या बांधकामासाठी अर्थसंकल्पात रकाना नाही. आणि कैदी पार्टीचे पोलीस वाचले तर ते २०५५ चे. तुरुंग विभागाला त्याचा काय फायदा?

गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना २०२३ मध्ये आली, वर्षाला २० कोटींपर्यंत. तेव्हाच्या नियमांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, दंड भरता न आलेल्या शिक्षाबंदीसाठी २५ हजारांपर्यंत. अख्ख्या देशासाठी २० कोटी म्हणजे राज्यांच्या हिशेबात चिल्लर आणि तरीही उचल फार कमी झाली. कारण पैशाचं नव्हतं. तुरुंगाने नाव कळवायचं, विधी सेवा प्राधिकरणाने पडताळायचं, जिल्ह्याच्या समितीने मंजूर करायचं आणि रक्कम न्यायालयात भरायची. चार कार्यालयं, आणि त्यांतल्या एकाच्याही वार्षिक कामाच्या मोजमापात 'किती जण सुटले' हा आकडा नाही.

आता तुमच्या रखडण्याच्या प्रश्नाकडे. तालुक्याला नवं सत्र न्यायालय हवं अशी मागणी होते. वकील संघ ठराव करतो, आमदार पत्र देतो, उच्च न्यायालय खटल्यांची संख्या पाहून शिफारस करतं. विधी व न्याय विभाग प्रस्ताव करतो: न्यायाधीशाचं पद, सोबत कर्मचाऱ्यांची पदं, काही कामं बाह्ययंत्रणेकडून, सरकारी वकिलाचं कार्यालय, आवर्ती खर्च इतका, अनावर्ती इतका. पदनिर्मिती म्हणून उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जातं, मग मंत्रिमंडळ, मग शासन निर्णय. एक-दोन वर्षं सहज. जागा नसेल तर पंचायत समितीच्या जुन्या इमारतीत भाड्याने सुरू. उद्घाटन होतं. आणि तीन महिन्यांनी लक्षात येतं की कैदी आणायला पार्टी मिळत नाही, कारण पोलीस मुख्यालयाचं मनुष्यबळ तेवढंच आणि आता एका कोर्टाची भर. लॉकअप नाही, मुद्देमाल ठेवायला खोली नाही. सीए रिपोर्ट पूर्वीच्याच प्रयोगशाळेतून, पूर्वीच्याच रांगेत. न्यायाधीश अकराला डायसवर बसतात आणि बोर्डावरच्या निम्म्या प्रकरणांत पुढची तारीख देतात. विधी व न्याय विभागाने सगळं नियमाने केलं, गृह विभागाने काहीही चुकवलं नाही. नस्तीवर गृह विभागाचा अभिप्राय मागितला गेला नाही, एवढंच. मागायचा नियमच नाही.

दृक्‌श्राव्य यंत्रणेने कैदी पार्टीचा ताण कमी केला हे खरं. रिमांड तर आता बरेचदा पडद्यावरच होतो. पण यंत्र न्यायालयाच्या बाजूला चालू आणि तुरुंगात एकाच खोलीत एकच पडदा, त्यापुढे पाच कोर्टांच्या वेळा एकाच वेळी, हेही खरं. दोन्ही टोकांची खरेदी दोन विभागांनी, दोन वर्षांत, दोन निविदांनी केली की असं होतं.

माझं मत विचाराल तर एकूण तरतूद किती वाढली यावर भांडण्यात फार अर्थ नाही. नव्या न्यायालयाच्या किंवा नव्या पोलीस ठाण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला एक संयुक्त खर्चपत्रक सक्तीचं करावं. या न्यायालयामुळे सरकारी वकील किती, कैदी पार्टी किती, प्रयोगशाळेत वाढीव नमुने किती, तुरुंगात पडदे किती, आणि प्रत्येकाची रक्कम त्या त्या विभागाच्या मागणीत त्याच वर्षी. पुरवणी मागण्या वर्षातून तीनदा येतात, त्यामुळे चुकलं तरी सुधारायला जागा आहे. सचिव समितीपुढे एक पान जास्त लागेल. यावर 'अर्थसंकल्प विभागवार असतो' असं उत्तर मला मिळालंय, तेही माझ्यापेक्षा वरिष्ठांकडून. पण एकाच उपक्रमाचा खर्च अनेक विभागांतून गोळा करून दाखवणारी पुस्तकं सरकार काढतंच की. महिलांसाठीच्या, बालकांसाठीच्या तरतुदींची विवरणपत्रं तशीच असतात. तसं एक फौजदारी खटल्यासाठी काढायला घटनादुरुस्ती लागत नाही.

जमेच्या बाजूचं लवकर आटपतो. न्यायालयीन शुल्क मुद्रांकाच्या शीर्षाखाली, दंड वेगळ्या शीर्षाखाली, सगळं एकत्रित निधीत जमा. २०१८ च्या जानेवारीत महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाख झाली. ते पैसे न्यायालयालाच परत मिळावेत असा वकील संघांचा आग्रह असतो. मला तो पटत नाही. उद्या जमा बघून न्यायालयांना पैसे द्यायचे ठरलं तर फौजदारी न्यायालयांच्या वाट्याला काय येणार? तिथे तर शुल्क नगण्यच.

अभ्यासासाठी म्हणून विचारलं असेल तर अर्थमंत्र्यांचं भाषण बाजूला ठेवा. विधी व न्याय आणि गृह या दोन विभागांची नागरी अर्थसंकल्पीय अंदाजांची पुस्तकं घ्या. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात. २०१४-१०५ आणि २०५६-१०१ ही दोन शीर्षं निवडा, वेतन सोडून उरलेली उद्दिष्टं वेगळी काढा, आणि मूळ अंदाजाशेजारी सुधारित अंदाज आणि दोन वर्षांनी येणारा प्रत्यक्ष खर्च मांडा. मग मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ मांडणाऱ्या महालेखापालांच्या विनियोजन लेख्यांत त्याच शीर्षासमोर किती रक्कम समर्पित झाली आणि कारण काय लिहिलंय ते बघा. 'पदं रिक्त राहिल्यामुळे' हे कारण सगळ्यात जास्त वेळा सापडेल. ते सापडलं की पुढचा माहिती अधिकाराचा अर्ज त्या पदांच्या भरतीबद्दल करा; त्याचं उत्तर द्यायला संबंधित कार्यालयाला तीस दिवस असतात.